मुंबईची गल्ली, लंडनची तबकडी

परवा नानाकाकांच्या वर्षश्राद्धाला अंबाजोगाईला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तर तिच्यात त्यांची हवाईयन गिटार निघाली. तारा पार गंजलेल्या. पोलादी कांडी मात्र जुन्या रुमालात नीट गुंडाळून ठेवलेली. तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतंय.

घरच्या मंडळींना आठवत असेल, गणपतीत काका सिनेमाची गाणी वाजवायचे. कॉलेजात असताना आगाऊपणे मी त्यांना एकदा विचारलं होतं, "काका, हे वाद्य ना आपलं ना त्यांचं. मग कशाला?" ते काही बोलले नाहीत. कांडी तारेवरून सरकवून एक लांब मींड घेतली आणि गिटार खोलीत ठेवून दिली. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी ती फारशी वाजवली नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि तेही एका लंडनच्या तबकडीत!

१९६९ साली निघालेल्या त्या एलपीचं नाव 'इंटिग्रेशन'. गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा. आपल्याकडे हे नाव कुणाला विचाराल तर दहातले दहा जण मान हलवतील. हा माणूस १९३६ साली मुंबईत जन्मला, घराणं मूळचं गोव्याचं.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. यातली कितीतरी मुलं पुढे पोटासाठी मुंबईत आली. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, 'अलबेला'त (१९५१) जी धमाल उडवून दिली, तिच्यात चिक चॉकलेट या गोवेकर ट्रंपेटवाल्याचा मोठा हात होता. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते संगीतकाराचं. आम्हा बीडकरांना हे नव्याने सांगायला नको. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, ऊस तोडणाऱ्याचं नसतं.

डिसिल्वाची वाट वेगळी. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याला चांगली गिटार घेऊन दिली, असं सांगतात. १९६७ च्या सुमारास तो इंग्लंडला गेला. तिथे तेव्हा भारतीय संगीताची हवा होती. १९६६ साली जो हॅरियट हा जमैकाचा सॅक्सोफोनवाला आणि कलकत्त्याचे जॉन मेयर यांनी सतार-तबला आणि जॅझ एकत्र बसवून तबकडी काढली होती. त्यात तबल्यावर केशव साठे होते! साठे आडनाव वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो.

आता 'इंटिग्रेशन'ची गंमत ऐका. तिच्यात सतार नाही, तबला नाही, तंबोराही नाही. इयन कार ट्रंपेटवर, डॉन रेंडेल सॅक्सोफोनवर, शिवाय बास आणि ड्रम. साधा जॅझचा ताफा. तरीही 'जयपूर' किंवा 'अ स्ट्रीट इन बॉम्बे' ऐकताना हा माणूस कुठला हे लपत नाही. ते वाद्यात नसून चालीत आहे. तो सूर गाठायची घाई करत नाही. आधी त्याच्या आजूबाजूला फिरतो, मग टेकतो. ब्लूजवाले तार ओढून सूर वाकवतात, आपले मींड घेतात. या दोन गोष्टी एकाच बोटात कशा राहतात ते इथे ऐकू येतं. मला तरी त्यात भारतीय दिसण्याचा अट्टहास कुठे जाणवला नाही.

त्याच वर्षी हॅरियटबरोबर त्याची दुसरी तबकडी आली, 'हम दोनो'. एक जमैकाचा, एक मुंबईचा, दोघेही परक्या शहरात. नाव किती नेमकं!

मग हा माणूस विसरला का गेला? मला वाटतं, त्याला ठेवायला कुणाकडे कप्पाच नव्हता. इंग्रजांना तो भारतीय, आणि आपल्याकडच्या शास्त्रीय संगीतवाल्यांना इंग्रजी बाजाचा. सिनेमाच्या श्रेयनामावलीतही तो नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने 'कोकण डान्स' नावाचं ध्वनिमुद्रण केलं. ते बाहेर आलं २००६ साली. तो १९९६ साली गेला होता.

शेवटचं वाक्य लिहिताना नानाकाका डोळ्यांसमोर येतात. डिसिल्वाचं निदान मुद्रण तरी झालं. काकांचं काय उरलं? गंजलेल्या सहा तारा आणि एका आगाऊ पुतण्याचा प्रश्न. हे आपलं की त्यांचं, असं विचारणारा मी चुकलो होतो. जो वाजवतो त्याचं ते असतं, एवढं साधं मला कळलं नव्हतं.

असो. गिटारीला नव्या तारा बसवायला दिल्यात. आणि एक विनंती. आत्या, मावशी, मुंबईकर मंडळी, गणपतीतली एखादी जुनी कॅसेट कुणाच्या कपाटात पडली असेल तर कळवा. आवाज खरखरीत असला तरी चालेल. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.