काचेच्या खोलीतला संसार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तो जानेवारी महिना होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की एक काचेची खोली लागायची. भिंती काचेच्या आणि छपरही उजेड आत सोडणारं. आत वेताच्या दोन खुर्च्या, इस्त्रीचं टेबल, दोरीवर ओले कपडे आणि कोपऱ्यात कुंडीत लावलेला कढीपत्ता. मी म्हणालो, मी इथंच बसतो. आपा म्हणाली, "बस, पण शाल घेऊन बस. ही खोली घरात नाही रे, घराला चिकटलेली आहे."

मला वाटलं, आपा गमतीनं बोलतेय. पण तिथले बांधकामाचे नियमही जवळपास हेच म्हणतात. तीस चौरस मीटरच्या आतली, तळमजल्यावरची अशी खोली मूळ घरापासून बाहेरच्या दर्जाच्या दारानं वेगळी केलेली असेल, तर तिला बहुतेक नियमांतून सूट मिळते. मधलं दार काढून टाकलं की सूट गेली. एका दारावर सगळं अवलंबून. आमच्या कोकणातली पडवी अशीच, धड आत नाही, धड बाहेर नाही. पण पडवी माणसांसाठी बांधलेली असते. इंग्रजांची ही कॉन्झर्व्हेटरी मुळात माणसांसाठी नव्हतीच. ती होती झाडांसाठी.

सतराव्या शतकात युरोपातल्या राजेरजवाड्यांना संत्र्या-लिंबांच्या झाडांचं वेड लागलं. थंडीत ही झाडं मरत. म्हणून ती मोठ्या लाकडी कुंड्यांत लावायची आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे उंच खिडक्या असलेल्या दालनात नेऊन ठेवायची. छप्पर मात्र साधंच, काचेचं नव्हे. लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात राणी ॲनसाठी 1704 साली असं दालन बांधलं. उन्हाळ्यात कुंड्या बागेत गेल्या की दालन रिकामं व्हायचं, मग राणी तिथं मेजवान्या द्यायची. मला हा व्यवहार फार शहाणपणाचा वाटतो. हिवाळा झाडांचा, उन्हाळा माणसांचा. दोघांनी एकाच वेळी एका खोलीत राहायचा हट्ट धरला आणि तिथून भानगडी सुरू झाल्या.

हट्ट धरायला काच स्वस्त व्हावी लागली. आम्हा कवींना उजेड फुकट वापरायची सवय. इंग्लंडात मात्र त्याची किंमत मोजावी लागत होती. 1696 पासून घराच्या खिडक्या मोजून कर घेत. लोकांनी कर चुकवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवर त्या बुजवलेल्या चौकटी अजून दिसतात. वर अठराव्या शतकाच्या मध्यापासून काचेवर वजनाप्रमाणे वेगळा कर. काचेवरचा कर 1845 मध्ये उठला, खिडक्यांवरचा 1851 मध्ये. तोवर काचेचं घर ही श्रीमंतांचीच चैन होती आणि गरीब दिवसाढवळ्या अंधारात बसत होते.

या श्रीमंतांत सर्वांत पुढे होता डेव्हनशरचा सहावा ड्यूक. चॅट्सवर्थच्या त्याच्या बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. त्याच्या देखरेखीखाली 1836 ते 1840 या काळात तिथं काचेचा महाल उभा राहिला. लांबी 277 फूट, रुंदी 123 फूट, उंची 67 फूट. 1843 मध्ये राणी व्हिक्टोरिया आली, तेव्हा तिची घोडागाडी या महालाच्या आतून फिरवून आणली.

त्यात ठेवायची झाडं कुठली? इथं आपला संबंध येतो. ड्यूकनं 1835 मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडलं. ब्रह्मदेशातलं ॲमहर्स्टिया हे लाल फुलांचं झाड हवं होतं. गिब्सन कलकत्त्याला उतरला, तिथून खासी टेकड्यांत चेरापुंजीला गेला आणि तिथली ढीगभर ऑर्किडं गोळा केली. ॲमहर्स्टिया त्याला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून मिळालं. 1837 मध्ये तो हा सगळा संसार घेऊन परतला. वाटेत झाडं जगली ती वॉर्डच्या पेट्यांमुळे. नॅथॅनिएल वॉर्ड हा लंडनचा डॉक्टर. बंद बाटलीत नेचा आपोआप उगवून तगतो, हे त्यानं 1829 मध्ये पाहिलं आणि त्यावरून जहाजावर न्यायच्या काचेच्या पेट्या निघाल्या. एवढं करून ॲमहर्स्टियाला इंग्लंडात पहिली फुलं आली ती 1849 मध्ये ईलिंगला, लॉरेन्सबाईंच्या बागेत. ड्यूकला काय वाटलं असेल, कोण जाणे!

चेरापुंजीच्या झाडांना डर्बीशरच्या थंडीत जगवायचं म्हणजे रात्रंदिवस विस्तव हवा. चॅट्सवर्थच्या महालाखाली आठ बॉयलर होते. कोळसा जमिनीखालच्या रुळांवरून यायचा, म्हणजे वर फिरणाऱ्या पाहुण्यांच्या दृष्टीला तो पडू नये. त्या बोगद्यात कोळसा ओढणाऱ्यांची नावं मी शोधत बसलो होतो, ती मला मिळाली नाहीत. पॅक्स्टनचं नाव मात्र 1851 च्या प्रदर्शनाच्या क्रिस्टल पॅलेसमुळे जगभर झालं. त्याच काचांखाली आपला कोहिनूर मांडला होता.

पुढे साध्या सुखवस्तू घरांनाही काचेच्या खोल्या जडल्या. दिवाणखान्यातून उठायचं आणि नेच्यांच्या गर्दीत जाऊन चहा प्यायचा. लग्नाची मागणी घालायला ही जागा बरी, असं त्या काळच्या कादंबऱ्यांवरून वाटतं. अडचण होती ती ओलीची. झाडांना दमट हवा लागते. माणसांची पुस्तकं, पडदे, सांधे यांना ती सोसत नाही. हम्फ्री रेप्टन या उद्यानरचनाकारानं त्याआधीच ओल्या मातीच्या वासाची तक्रार नोंदवली होती.

पहिल्या महायुद्धात कोळसा तुटला, माळी आघाडीवर गेले. चॅट्सवर्थच्या महालातली झाडं थंडीनं मेली. 1920 मध्ये तो पाडायला घेतला तर पडेना, शेवटी सुरुंग लावावे लागले.

आपाची खोली ही त्या महालाची फार लांबची नात. 1970 नंतर दुहेरी काचा आणि प्लॅस्टिकच्या चौकटी आल्या आणि चाळीवजा लागून-लागून असलेल्या घरांच्या मागेही अशा खोल्या उभ्या राहिल्या. आता त्यात झाडं नाममात्र. मुलांचा अभ्यास, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं तिथंच. पण काचेचा स्वभाव बदलला नाही. उन्हाची ऊब आत येते आणि अडकते, म्हणून जुलैत तिथं बसवत नाही. सूर्य मावळला की तीच ऊब भराभर निघून जाते. पाऊस आला की छपरावर असा ताशा वाजतो की फोनवर बोलता येत नाही. विजेवरची शेगडी लावावी तर बिल पाहून छातीत धडधडतं. बरेच लोक आता काचेचं छप्पर काढून पक्कं कौलारू घालून घेतात. म्हणजे ऊब राहते आणि आकाश जातं. आपाच्या मुलाचा तसाच आग्रह आहे. आपा ऐकत नाही. तिचं म्हणणं, "सहा महिने इथं सूर्य दिसत नाही. जेवढा दिसतो तेवढा मला याच खोलीत दिसतो." उन्हाळ्यात ती तिथं पापड वाळवते, हे मी शेजाऱ्यांना सांगायचं नाही अशी तंबी आहे.

त्या जानेवारीत दुपारी चारलाच अंधारून यायचं. आपा इस्त्री बंद करी, कपडे चाचपून पाही. मग कढीपत्त्याची कुंडी दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरात आणी आणि मधलं दार लावून घेई. वेताच्या खुर्च्या बाहेरच राहत.