आवडीची यादी आणि वाङ्मयप्रकारांची उतरंड

वाचकांच्या मंडळात नव्याने येणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : आपले आवडते लेखक कोणते, आणि आपण कोणत्या प्रकारचे साहित्य वाचता? प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर तो उत्साहाने देतो, पण उत्तरार्धापाशी थोडा अडखळतो. कविता, सामाजिक कादंबरी, वैचारिक लेखन ही नावे मोकळेपणाने उच्चारली जातात. रहस्यकथा किंवा भयकथा यांची पाळी आली की आवाज खाली येतो आणि 'लहानपणी वाचत असे' अशी पुस्ती जोडली जाते. हा संकोच व्यक्तिगत स्वभावाचा भाग वाटतो. आमच्या मते मात्र तो मराठी वाङ्मयव्यवहाराने सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांत घडविलेला आहे, आणि त्याची किंमत वाङ्मयाच्या इतिहासलेखनालाही मोजावी लागली आहे.

आरंभ 'कादंबरी' या शब्दापासूनच करता येईल. इंग्रजी अमदानीत आलेल्या या प्रकाराला मराठीने (आणि कन्नडनेही) नाव दिले ते सातव्या शतकातील बाणभट्टाच्या कथाग्रंथाचे. शाप, पुनर्जन्म आणि विरह यांनी भरलेली ती अद्भुत कथा आहे. म्हणजे ज्यांनी हे नाव स्वीकारले, त्यांच्या मनात गद्यकथेची कल्पना अद्भुताशी जोडलेली होती. १८६१ मध्ये आलेली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आणि त्याच दशकाच्या अखेरीस आलेली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' या कादंबऱ्या त्याच वळणाच्या. याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी वाचकांच्या हाती येत होत्या.

रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत आपल्या निवडीचे कारण दिले आहे. हिंदूंची विवाहपद्धती आणि इतर काही कारणे यांमुळे आपल्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यात कथेला रोचक वाटावे असे फारसे सापडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांचा आशय. अद्भुतरम्य कादंबरी ही भाबड्या लेखकांची भाबड्या वाचकांसाठी केलेली करमणूक होती, असे पुढे मानले गेले. ही प्रस्तावना वाचली की तो समज टिकत नाही. जिथे विवाह बालवयात आणि वडीलधाऱ्यांच्या इच्छेने होतो, तिथे प्रेमकथा घडवायची कशी, हा प्रश्न रिसबुडांना पडला होता. तो जितका वाङ्मयीन तितकाच सामाजिक होता. त्याआधीच, म्हणजे १८५७ मध्ये 'मुक्तामाले'च्याही अगोदर, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटना'त विधवांच्या स्थितीचे चित्र रेखाटून याच परिस्थितीला दुसरे उत्तर दिले होते. वाङ्मयेतिहासाने त्यातले एक उत्तर पुढचे मानले आणि दुसरे मागचे.

नव्या वाचकाने आपली आवड जाहीर करणे म्हणजे काय, याचे एक ठळक उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे आहे. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू होण्यापूर्वी ते 'शालापत्रका'त संस्कृत कवींचा परिचय करून देत होते. पुढे 'संस्कृत कविपंचक' या नावाने ओळखल्या गेलेल्या या लेखांत कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांचा समावेश आहे. विशीतल्या एका वाचकाने आपल्या आवडत्या लेखकांची दिलेली ही यादी आहे, असे म्हणता येईल. पाचांपैकी शेवटचे तिघे मुख्यत्वे गद्यकथाकार म्हणून ओळखले जातात, आणि 'वासवदत्ता' काय, 'दशकुमारचरित' काय, दोहोंतही अद्भुताची रेलचेल आहे. संस्कृतात असताना जे अद्भुत काव्य म्हणून मान पावले, ते मराठी गद्यात उतरले की पोरकट ठरू लागले. फरक केवळ प्रकाराचा असता तर दोन्हींना एकच न्याय मिळाला असता. भाषेची प्रतिष्ठा आणि वाचकवर्गाचे स्थान यांचाही त्या निवाड्यात हात होता, असे मानावे लागते. संस्कृत कथा शास्त्री-पंडितांची होती. छापील मराठी कादंबरी विद्यार्थी, कारकून आणि नव्याने अक्षर ओळखू लागलेल्या स्त्रिया अशा कोणाच्याही हाती पडू शकत होती.

हरि नारायण आपटे यांच्याबाबतीत ही गुंतागुंत अधिक स्पष्ट होते. १८९३ मध्ये ग्रंथरूपाने आलेली 'पण लक्षात कोण घेतो?' ही मराठी वास्तववादी कादंबरीची खूणगाठ मानली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांची पहिली कादंबरी, 'मधली स्थिती' (१८८५), रेनल्ड्झ या इंग्रज लेखकाच्या लंडनच्या रहस्यांवरील कादंबरीवरून सुचलेली होती. रेनल्ड्झ हा पेनी-दोन पेनीच्या साप्ताहिक अंकांतून लिहिणारा लेखक. इंग्लंडातील प्रतिष्ठित वर्तुळांनी त्याला जवळ केले नाही, पण भारतात तो विलक्षण लोकप्रिय झाला. गो. ना. दातारांनी तर रेनल्ड्झच्या रूपांतरांवर मराठीत मोठा वाचकवर्ग मिळविला. हरिभाऊंची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ' हीदेखील मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीवर आधारलेली, आणि 'मारून मुटकून वैद्यबोवा' हे त्यांचे प्रहसन मोलिएरवरून घेतलेले. रहस्य, इतिहास, प्रहसन असा हा वाचनाचा पसारा आहे. १८९० मध्ये निघालेल्या आपल्या पत्राला त्यांनी 'करमणूक' हे नाव दिले, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. ज्या लेखकाने मराठी कादंबरीला गंभीर केले, त्याला करमणूक या शब्दाची लाज वाटली नव्हती. प्रत्येक आठवड्याला वाचकाची उत्सुकता टिकवून धरण्याची विद्या प्रकरणाप्रकरणाने लिहिणाऱ्या अशा लोकप्रिय लेखकांनीच रुळवली होती.

१९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' हा निबंध लिहिला. त्याच्या चारच वर्षे आधी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकाला हा विषय दुय्यम वाटला नाही, आणि अद्भुत व वास्तव या दोन्ही अंगांनी कादंबरीचा विचार त्याने केला. पुढील मराठी समीक्षेत मात्र या दोन शब्दांना पायऱ्यांचे रूप आले : आधी अद्भुत, मग वास्तव, खालची पायरी आणि वरची. असा क्रम लावला की खालच्या पायरीवर नंतर कोणी उभे राहिले तर ते मागे राहिलेले ठरते.

हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्णाळकर आणि भयकथेला मराठीत स्थिर करणारे नारायण धारप (१९२५–२००८) यांचे स्थान या मांडणीत असेच ठरून गेले. झुंजार आणि काळापहाड यांच्या पुस्तिकांनी किती मराठी माणसांना वाचनाची गोडी लावली, हे आठवणींच्या लेखांतून वारंवार आढळते. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला क्वचितच एखादा परिच्छेद येतो. २०१८ मध्ये 'तुंबाड' चित्रपटाच्या निमित्ताने धारपांचे नाव पुन्हा चर्चेत आले, तेव्हा त्यांच्याविषयी बोलू लागले ते प्रामुख्याने त्यांचे जुने वाचक.

वाचकांनी एकमेकांना सांगितलेल्या आवडीनिवडी समीक्षेबाहेरच्या कागदांत अधिक मोकळ्या असतात. जी. ए. कुलकर्णी यांची प्रकाशित पत्रे हे त्याचे उत्तम उदाहरण. एका वाचकाने दुसऱ्याला पुस्तके सुचविण्याचा सिलसिला त्यांत सतत चालू आहे. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची पुस्तके जी.एं.नी 'रान', 'गाव', 'शिवार' अशा नावांनी मराठीत आणली, तेही आवड वाटून घेण्याचेच काम. २०१३ मध्ये सतीश काळसेकर यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि निव्वळ वाचक म्हणून केलेल्या लेखनालाही प्रतिष्ठा मिळू शकते हे दिसले.

यावर एक आक्षेप येईल : मग सगळेच सारखे चांगले म्हणायचे का? आमचे म्हणणे तसे नाही. एखादी रहस्यकथा ढिसाळ असू शकते, तशी एखादी सामाजिक कादंबरीही. कृतीचे मूल्यमापन व्हायलाच हवे. मात्र कृती वाचण्यापूर्वी प्रकारावरून तिची जागा ठरविणे हे मूल्यमापन नव्हे. या सवयीमुळे आपल्याकडे दोन इतिहास वेगळे पडले आहेत : एक लिहिणाऱ्यांचा, जो छापला जातो, दुसरा वाचणाऱ्यांचा, जो संकोचामुळे सांगितलाच जात नाही. दुसऱ्यावाचून पहिल्याचा अर्थ पुरता लागत नाही, हे रेनल्ड्झ बाजूला ठेवून हरिभाऊ वाचू पाहणाऱ्याला कळते.

साहित्याच्या वर्गात दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि पहिल्या काही महिन्यांतच आपली यादी बदलायला शिकतात. ज्या पुस्तकांनी त्यांना वाचक केले ती गळतात आणि अभ्यासक्रमातली नावे त्यांची जागा घेतात. अभिरुची वाढली म्हणून यादी बदलत असेल तर आनंदच आहे. जुनी नावे लपवावी लागतात म्हणून ती बदलत असेल, तर त्या विद्यार्थ्यांकडूनच उद्या लिहिला जाणारा वाङ्मयेतिहास पुन्हा अर्धा राहील. अध्यापकांनी वर्षारंभी ही यादी प्रकारांसह मागावी, तीत कोणतेही नाव आले तरी हसू नये, आणि वर्षअखेरीस तीच पुन्हा वाचायला काढावी. मराठी वाचनाच्या इतिहासाची साधने तिथे आयती मिळतील.