एक इलाखा, दोन शेजारी

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये मी लहानाचा मोठा झालो. तेव्हा इथल्या बाजारातल्या कितीतरी पाट्या उजवीकडून डावीकडे वाचाव्या लागत. अक्षरे अरबी वळणाची आणि आत गल्ल्यावर तसबीर झूलेलालची. मी मुसलमान, पण माझी शाळा मराठी आणि कविता देवनागरीतली, डावीकडून उजवीकडे लिहिलेली. बाहेरगावचा पाहुणा आला की गोंधळून जाई. त्याला वाटे, ह्या गावात अक्षरांची कुठेतरी अदलाबदल झाली असावी.

अदलाबदल झालेली नाही. हा दोन शेजाऱ्यांचा इतिहास आहे. सिंध आणि महाराष्ट्र १८४७ ते १९३६ अशी तब्बल ८९ वर्षे एकाच मुंबई इलाख्यात होते. नकाशात दोघांच्या मध्ये गुजरात आणि कच्छ येतात हे खरे. पण मुंबई आणि कराची ही एकाच समुद्रावरची बंदरे, दोघांचा गव्हर्नर एक आणि दोघांच्या कचेरीची वरची भाषाही एकच, इंग्रजी.

इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांची तुलना करायची तर आपण अमेरिका आणि कॅनडाची नावे घेतो. अमेरिकेने १७७६ मध्ये इंग्लंडच्या राजाला नाकारले. कॅनडाने १८६७ मध्ये राणीला मानूनच आपला संघ उभा केला. अमेरिकेतले राजनिष्ठ लोक हजारोंनी उत्तरेकडे गेले. त्यांच्या वस्तीमुळे १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांतच करावा लागला. म्हणजे निर्वासितांनी प्रदेश वसवण्याची कथा एकट्या उल्हासनगरची नाही. पण त्या निर्वासितांना नव्या मुलुखात शाळा इंग्रजी मिळाली आणि कोर्टही इंग्रजी मिळाले. घर गेले तरी भाषेखालची जमीन गेली नाही. आपल्या दोन शेजाऱ्यांकडे पाहताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. त्यानंतर २५ वर्षांनी, १८४३ मध्ये, चार्ल्स नेपिअरने मियाणीच्या लढाईत तालपूर मीरांना हरवून सिंध घेतला. पुढे बार्टल फ्रिअर नावाचा एक अधिकारी दोन्हीकडच्या इतिहासात भेटतो. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले तेव्हा तो साताऱ्यात होता. १८५० मध्ये तो सिंधचा कमिशनर झाला आणि १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर. कराचीत त्याच्या नावाचा फ्रिअर हॉल आहे. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनलाही मुळात त्याचेच नाव द्यायचे ठरले होते.

ह्या काळात मराठीची घडी बसत चालली होती. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये छापला गेला होता, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले होते. मोडी आणि बाळबोध अशा दोन लिप्या असल्या, तरी छापायचे ते बाळबोधीत हे बरेचसे ठरून गेले होते. सिंधमध्ये मात्र दरबारची भाषा फारसी. लोकांची सिंधी कोणी अरबी अक्षरांत लिही, कोणी देवनागरीत, कोणी गुरुमुखीत. व्यापारी आपल्या वहीत हटवाणिको लिही. तिला काना, मात्रा, वेलांटी नाही. त्यामुळे एकाचा हिशेब दुसऱ्याला लागणे कठीण.

इंग्रज अधिकाऱ्यांतही दोन तट पडले. कॅप्टन जॉर्ज स्टॅक देवनागरीच्या बाजूचा. त्याने सिंधीचे व्याकरण देवनागरी अक्षरांत छापले. पुढे अरबी कथांच्या भाषांतराने गाजलेला रिचर्ड बर्टन अरबीच्या बाजूचा. अखेर १८५३ मध्ये फ्रिअरच्या अमदानीत अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी पक्की झाली. ग, ज, ड आणि ब ह्यांचे श्वास आत ओढून केलेले खास सिंधी उच्चार दाखवायला नव्या टिंबांची अक्षरे घडवण्यात आली. कचेरीत काम करणारे हिंदू आमिल आधीपासून फारसी जाणत होते. त्यांनी ही लिपी सहज उचलली. लिपी ठरली ती सरकारी गरजेतून. पुढे लोकांनी ती आपली केली आणि तिच्यात हिंदू-मुसलमान दोघांनीही लिहिले.

ह्या कामात मुंबईकडून गेलेल्या एका माणसाचे नाव आजही कराचीत टिकून आहे. नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधच्या शिक्षण खात्यातले अधिकारी. व्यापाऱ्यांच्या लिपीला काना-मात्रा देऊन ती शाळेत चालेल अशी करण्याचे काम १८६८ मध्ये त्यांच्याकडे आले. ती लिपी फार टिकली नाही. पण १८५५ मध्ये सुरू झालेली कराचीची पहिली सरकारी शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे रस्त्यांची नावे दर दहा वर्षांनी बदलतात. फाळणी होऊनही तिथल्या शाळेवरचे हे नाव पुसले गेले नाही, ह्याचे मला अप्रूप वाटते.

दोघांच्या संस्कृतीत साम्य शोधायला लांब जावे लागत नाही. आपले तुकोबा सतराव्या शतकातले, सिंधचे शाह अब्दुल लतीफ भिटाई अठराव्या शतकातले. दोघांनीही पंडितांची भाषा सोडून शेतकरी, विणकर, दळणारी बाई ह्यांची भाषा धरली. भिटाईंचा 'रिसालो' १८६६ मध्ये अर्नेस्ट ट्रम्प ह्या जर्मन पंडिताने लाइपझिगला छापला. तुकोबांच्या गाथेचा पहिला भाग मुंबई सरकारच्या पैशाने १८६९ मध्ये छापला गेला. जे तोवर गळ्यात आणि हस्तलिखितांत होते, ते तीन वर्षांच्या अंतराने छापील झाले. आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहितात, तर तिकडे चैनराय सामी वेदान्ताचे श्लोक सिंधीत रचतात. आमच्याकडे पाडव्याला गुढी उभी राहते आणि बहुधा दुसऱ्याच दिवशी इथले सिंधी चेटीचंडची मिरवणूक काढतात. ज्याला हिंदू झूलेलाल म्हणतात, त्याला सिंधमधल्या उडेरोलालच्या स्थानी मुसलमानही मानतात. आणि कॅम्पातून ज्याचे सुळके दिसतात त्या मलंगगडावर तरी वेगळे काय आहे?

फरकही आहे. मराठी भक्ती चालत जाते. तिला दिंडी लागते, पताका लागते. सिंधी भक्ती बसून ऐकते. भिटच्या दर्ग्यावर फकीर पाच तारांच्या वाद्यावर रात्री शाह लतीफ गातात. मराठी माणसाच्या आठवणीत गड आणि राज्य आहे. सिंधी माणसाच्या आठवणीत नदी आहे. राज्याची आठवण असणाऱ्याला पुन्हा राज्य मागावेसे वाटते. नदीला मागून कुठे आणणार?

सिंध वेगळा करावा असे १९१३ च्या कराची काँग्रेसमध्ये म्हणणारे हरचंदराय विशनदास हिंदूच होते. सिंधची भाषा आणि प्रकृती वेगळी, असे त्यांचे म्हणणे. पुढे ही मागणी मुस्लिम पुढाऱ्यांनी धरली तशी अनेक हिंदूंनी ती सोडली. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला. अकरा वर्षांनी फाळणी आली. पंजाब आणि बंगाल विभागले गेले, म्हणून पंजाबी आणि बंगाली भाषेला भारतातही स्वतःची जमीन उरली. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. इकडे आलेल्या सिंधी माणसाच्या वाट्याला भाषा आली, प्रांत आला नाही.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी रिकामी पडली होती. तिच्या बरॅकींत जवळजवळ लाखभर माणसे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी ह्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्याच सुमारास कराचीत उर्दू बोलणारे निर्वासित भरत होते. तिथे १९७२ मध्ये सिंधी भाषेच्या कायद्यावरून दंगली झाल्या. आपल्याकडे फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे मेली आणि तो चौक हुतात्म्यांचा झाला. १ मे १९६० रोजी मराठीला राज्य मिळाले. सिंधीला १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या सूचीत जागा मिळाली. एका शेजाऱ्याला भूमी मिळाली आणि दुसऱ्याला सूची.

काही वर्षांपूर्वी बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराचा नातू माझ्याकडे आला. हातात आजोबांची डायरी. "अंकल, तुम्हाला ही अक्षरे येतात ना? आमच्या घरात आता कोणालाच येत नाहीत." मला अक्षरे लहानपणी कुराण शिकताना आली होती. सिंधीची जादा टिंबांची अक्षरे ह्याच बाजारातल्या पाट्यांवरून, त्याच्या आजोबांना विचारून विचारून शिकलो होतो. पण शब्दांचा अर्थ मला लागेना. त्याला घरात ऐकून भाषा कळत होती, अक्षर कळत नव्हते. मग आम्ही युक्ती केली. मी एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचायचे आणि त्याने अर्थ सांगायचा.

ती १९४७ ची उधारी निघाली. कोणाकडे किती येणे, त्याची यादी. नावे हिंदूंची होती, मुसलमानांचीही होती. एकाही नावावर रेघ मारलेली नव्हती. बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "आजोबांनी हे कधी सांगितले नाही." सांगितले होते. लिहून ठेवले होते. वाचणारा उरला नव्हता.

सिंधी भारतात देवनागरीतही लिहिता येते, दोन्ही लिप्या चालतात. तरी माझ्या गल्लीतली बहुतेक सिंधी मुले हिंदी बोलतात आणि इंग्रजी शाळेत जातात. मराठी घरातली मुलेही त्याच शाळेच्या बसमध्ये चढतात. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचा मला आनंद आहे. पण दर्जा आणि सूची ह्या सरकारने द्यायच्या गोष्टी. आजोबांची वही वाचता येणे ही घराने द्यायची गोष्ट आहे. आमच्या शेजाऱ्याची जमीन गेली होती, तरीही त्याची लिपी दोन पिढ्या टिकली. आपल्याकडे तर जमीनही आहे. उद्या आपल्या नातवाला आपली वही वाचायला शेजाऱ्याकडे जावे लागले, तर त्याला कोणते कारण सांगणार?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)