छोट्या पडद्याचा कॉन्ट्रास्ट

नवा एलसीडी पडदा जोडला, आज्ञावली चालवली आणि पडदा कोराच राहिला किंवा पूर्ण काळवंडला, हा अनुभव इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जोपासणाऱ्या बहुतेकांना येतो. पडदा सदोष समजून टाकूनही दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा बिघडलेला असतो तो केवळ कॉन्ट्रास्ट, म्हणजे ठिपका आणि त्याची पार्श्वभूमी यांतील फरक.

द्रवस्फटिकाचे रेणू विद्युतदाबानुसार दिशा बदलतात आणि त्यामुळे प्रकाश अडतो. दाब कमी पडला तर अक्षरे उमटत नाहीत. जास्त झाला तर बंद ठिपकेही गडद होतात. ‘सोळा बाय दोन’ अक्षरी पडद्यावर हा दाब तिसऱ्या पिनेला जोडलेला प्रीसेट फिरवून जुळवतात. १९९८ साली आलेल्या नोकिया ५११० या मोबाइलच्या ८४ × ४८ ठिपक्यांच्या पडद्यात ही सोय नाही. त्यातील पीसीडी ८५४४ ही फिलिप्सची चिप दाब स्वतःच निर्माण करते. तो किती हवा, हे आज्ञावलीने सांगायचे असते.

लायब्ररीत त्यासाठी एकच आकडा कायमचा लिहिलेला असेल, तर एका पडद्यावर स्वच्छ दिसणारा मजकूर दुसऱ्यावर पुसट होतो. थंडीतही अधिक दाब लागतो. म्हणून कॉन्ट्रास्ट बदलणारे स्वतंत्र फंक्शन हवे. त्याचे काम तीन आज्ञांचे: ३३ पाठवून चिपला विस्तारित आज्ञासंचात न्यायचे, १२८ अधिक हवे ते मूल्य पाठवायचे आणि ३२ पाठवून परत आणायचे. मूल्य ० ते १२७ असू शकते. मूळ दाब ३.०६ व्होल्ट, दर पायरीला ०.०६ व्होल्टची भर. म्हणजे ५० ला ६.०६ व्होल्ट. चिपची मर्यादा ८.५ व्होल्ट असल्याने फंक्शनने ९० च्या वर जाऊच देऊ नये.

तिसरी आज्ञा विसरणे ही नेहमीची चूक, आणि ती सापडतही नाही लवकर. विस्तारित संचात १२८ पासूनचे आकडे कॉन्ट्रास्टचे, तर साध्या संचात तेच स्तंभाचे स्थान दर्शवतात. परिणामी ‘शून्य स्तंभावर जा’ ही निरुपद्रवी आज्ञा कॉन्ट्रास्ट शून्य करते, दाब निर्माण करणारे मंडल बंद पडते आणि पडदा कोरा होतो. जुळलेला आकडा ईईप्रॉममध्ये साठवल्यास वीज गेल्यावरही तो टिकतो.