भूक मेली? चला कारध्याच्या वैद्याकडे

डोळे मिटा. भंडाऱ्याहून निघून वैनगंगेचा पूल ओलांडताना ट्रकांची जी घरघर कानात भरते, ती विरू द्या. आता उघडा. पूल गेला! मोठा तर नाहीच, इंग्रजांच्या वेळचा लहान पूलही अजून बांधायचा आहे. पायाखाली नुसती वाळू, आणि वैशाखातली ही वाळू सकाळीच चटके देते. उभे राहू नका, चालू लागा.

धारेत डोंगा लागलाय. ढिवर हात धरून तुम्हाला आत ओढतो. तळाशी घोटाभर पाणी, त्याला मासळीचा वास, आणि मांडीला मांडी लावून माणसं. शेजारच्या टोपलीतली पिकली डांगरं एवढी घमघमताहेत की इतर कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. तुमच्या नाही. टोपलीवाली म्हातारी तुमच्याकडे टक लावून बघते. "काऊन बापा, जेवन नाही झालं वाटते?"

नाहीच झालं. कितीतरी दिवस घास तोंडात नुसता फिरतोय. पोट फुगतं, करपट ढेकर येतात, झोप पहाटेच मोडते आणि कशातच जीव रमत नाही. म्हणून तर ही सफर.

कारध्याच्या काठाला उतरलात की नाकामागे जा. मोहाच्या वाळत्या फुलांचा गोडसर, डोक्यात चढणारा वास मागे पडतो आणि हिंग-सुंठीचा झणका येतो. हीच वैद्याची सपरी. आत पाय ठेवायला जागा नाही. कुणी कण्हतंय, कुणाचं पोर गळा काढून रडतंय, खलबत्त्याची ठणठण थांबत नाही, आणि एक शेळी सुपातल्या पाल्याला तोंड लावतेय. तिला हाकला आणि तिच्याच जागी बसा.

वैद्य तुमचं मनगट हातात घेतो. तीन बोटं नाडीवर. वाट पाहतो. बाहेर एवढा कालवा, पण त्याला घाई नाही. "जीभ दाखव." जिभेवर पांढरा थर. "भूक लागते का? पोट साफ होते का? झोप? आन् घरी का झालं?"

हा शेवटचा प्रश्न ऐकलात ना? शौचाबद्दल विचारलं त्याच आवाजात, त्याच दमात. मला या सपरीतलं सगळ्यात मोठं औषध हेच वाटतं. पोट एकाकडे आणि मन दुसऱ्याकडे दाखवायला इथे पाठवत नाहीत. चरकसंहितेत सांगितलंय की पथ्याचं अन्न बेतानं खाल्लं तरी चिंता, शोक, भय, राग आणि जागरण यांपायी ते पचत नाही. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला तिथे पहिला मान दिलाय. वैद्याच्या बोलण्यात तेच येतं, फक्त चुलीच्या भाषेत: ओल्या सरपणासारखी तुझ्या पोटातली आग धुमसते आहे.

दूर चीनमध्येही वैद्य अशीच जीभ बघतात, तीनच बोटं नाडीवर ठेवतात. मन कोंडलं की यकृताची वाट अडते आणि पचन थकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावरचं 'श्याओयाओ सान' हे चूर्ण सोंग राजवटीतल्या सरकारी औषधालयाच्या ग्रंथात नोंदलेलं आहे. त्यात छाइहू नावाची मुळी, आणि सोबत आपल्या ओळखीचं ज्येष्ठमध, आलं, पुदिना. तुमच्या काळात त्यावर बरेच अभ्यास झाले, पण पुष्कळसे लहान आणि कच्चे, त्यामुळे खात्री देण्याजोगं काही हाती नाही. ज्येष्ठमध फार दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो, हेही ध्यानात असू द्या. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर इथे थांबू नका. लगेच आपल्या काळात परता, डॉक्टरकडे जा, टेली-मानसचा 14416 हा नंबर फिरवा. तिथलं बोलणं फुकट आहे आणि मराठीतही होतं.

तेवढं नसेल तर बसा. पुडी बांधली जातेय. हिंग्वाष्टक: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. हिंग काबुलाकडच्या व्यापाऱ्यांचा, किती हातांतून फिरत इथवर आलेला! पहिल्या घासाला तुपात कालवून घ्यायचं. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. झोंबलं? डोळ्यांत पाणी आलं? कानही गरम झाले असतील.

"शिळं बंद. लाखोरीची दाळ बंद. गरम पेज घे. सकाळी नदीवर जात जा," वैद्य सांगतो आणि तुमच्यासोबत आलेल्या त्या डांगरवाल्या म्हातारीकडे वळतो. "आन् माय, याले एकट्यानं जेवू देऊ नको." ती मान डोलावते, जणू तुम्ही तिच्याच घरचे.

पैसे? नको. सुगीला पायलीभर धान आणून द्या. आठ दिवसांनी परत बोलावलंय. उठा आता, मागून कोपर लागतंय आणि कुणीतरी ओरडतंय, "सरका ना बापा, आमची पारी कवा येईन?"