मातीची फौज कुणासाठी?

शिल्प म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ येतं, लेणं येतं, चौकातला पुतळा येतो. म्हणजे लोकांनी पाहावं म्हणून घडवलेली वस्तू. चीनमध्ये मात्र शतकानुशतकं असंख्य मूर्ती घडल्या त्या जमिनीत पुरण्यासाठी.

याचं मूळ भयंकर आहे. आन्यांगला शांग राजांच्या थडग्यांत बळी देऊन पुरलेल्या माणसांचे सांगाडे मोठ्या संख्येनं सापडले. मेलेल्या राजालाही चाकर-पहारेकरी लागणारच, ही समजूत. पुढे त्या माणसांच्या जागी हळूहळू लाकडाच्या, मातीच्या बाहुल्या आल्या. मेन्शियसच्या ग्रंथात म्हटलंय, की कन्फ्यूशियसला त्यासुद्धा खपत नसत. माणसाची प्रतिमा पुरणंच त्याला अमानुष वाटे. छिन् राज्यानं इ.स.पू. ३८४ मध्ये माणसं पुरण्यावर बंदी घातली.

त्याच छिन् घराण्यातला पहिला सम्राट शी ह्वांग. १९७४ साली शिआनजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे तुकडे लागले आणि त्याची फौज उजेडात आली. अंदाजे ८,००० सैनिक, पुरुषभर उंचीचे. धड, हात, डोकं वेगवेगळं करून जोडलेलं. मिशा, केसांच्या गाठी हातानं घडवलेल्या. अंगावर रंग होते, पण बाहेरची हवा लागताच बरेचसे पापुद्रे होऊन गळाले. काहींवर कारागिरांची नावं आहेत. ती कौतुकाची सही नव्हे बरं का! काम बिघडलं तर कुणाला धरायचं, त्याची ती नोंद.

मग एवढी मातीची माणसं दिल्यावर खरी माणसं सुटली का? इतिहासकार सीमा च्येन लिहितो, की सम्राटाच्या निपुत्रिक राण्यांना त्याच्यामागे मरायला लावलं, आणि थडग्यातली गुपितं जाणणाऱ्या कारागिरांना आतच कोंडलं. मातीच्या फौजेबद्दल मात्र त्यानं अवाक्षर काढलेलं नाही.

उघड्यावरची भव्य मूर्ती रुजली ती बौद्ध धर्माबरोबर. डोंगरात लेणी कोरण्याची रीत भारतातून मध्य आशियामार्गे तिकडे गेली. लोंगमेनचा १७ मीटर उंच वैरोचन बुद्ध ६७५ साली पुरा झाला. त्यासाठी राणी वू हिनं आपल्या शृंगाराच्या खर्चातून नाण्यांच्या २०,००० माळा दिल्या, असं तिथला शिलालेख सांगतो.

तरी थडग्यांसाठी मूर्ती घडतच राहिल्या. तांग काळातले तिरंगी झिलईचे घोडे आणि उंट आज संग्रहालयांत दिमाखात उभे असतात, पण ते सारे कबरींतलेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोयांगजवळ रेल्वेसाठी खोदकाम झालं, तेव्हा ते ढिगानं बाहेर आले. परदेशी लोक हौसेनं विकत घेऊ लागले. चिनी घरांत मात्र मेलेल्याची वस्तू उंबऱ्याच्या आत आणणं अशुभ समजत.