‘निअँडर’ या आडनावाची व्युत्पत्ती व अर्थांतरे

युरोपीय आडनावांच्या अभ्यासात ग्रीक धाटणीचे आडनाव आढळताच त्या घराण्याचे मूळ ग्रीसमध्ये शोधण्याची प्रवृत्ती दिसते. ‘निअँडर’ या विरळ आडनावाचा इतिहास ही प्रवृत्ती किती फसवी आहे, हे दाखवितो.

‘निओस्’ म्हणजे नवा आणि ‘आनेर’ (षष्ठी ‘आन्द्रोस्’) म्हणजे पुरुष, या ग्रीक शब्दांपासून हे आडनाव सिद्ध झाले. संस्कृतातील ‘नव’ आणि ‘नृ’ हे त्यांचे सगोत्र शब्द होत. तथापि हे आडनाव ग्रीसमधून आलेले नसून जर्मन विद्वानांच्या अभ्यासिकेत घडले आहे. प्रबोधनकाळात आपले देशी आडनाव ग्रीक किंवा लॅटिनमध्ये भाषांतरित करणे हे विद्वत्तेचे लक्षण मानले जाई. योहान रॉइखलिनने 1509 मध्ये आपल्या नात्यातील फिलिप श्वार्ट्सएर्ट या मुलास ‘मेलांक्थोन’, म्हणजे ‘काळी माती’, हे नाव दिले. पुढे विटेनबर्ग येथे त्याचा विद्यार्थी झालेला मिखाएल नॉयमान (1525–1595) ‘निअँडर’ झाला.

येथे एक सूक्ष्म अर्थांतर घडले. ‘नॉयमान’ हे मुळात गावात नव्याने वसलेल्या उपऱ्यास लोकांनी दिलेले नाव होते. भाषांतरात उपरेपण गळाले आणि केवळ ‘नवा मानव’ उरला. बर्लिन येथील चर्चेतिहासकार ऑगस्ट निअँडर (1789–1850) याने हाच अर्थ जाणीवपूर्वक स्वीकारला. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या डेव्हिड मेंडेलने 1806 मध्ये बाप्तिस्मा घेताना हे नाव धारण केले. त्याच्यापुरते ते भाषांतर नव्हतेच. ती प्रतिज्ञा होती. एकाच आडनावाच्या दोन व्यक्तींत रक्तसंबंध गृहीत धरू नये, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या आडनावास जगप्रसिद्धी मिळाली ती मात्र निराळ्याच कारणाने. स्तोत्रकार योआखिम निअँडर (1650–1680) याच्या संगीतकार आजोबांनी नॉयमानचे निअँडर केले होते. योआखिम 1674 पासून ड्युसेलडोर्फ येथील लॅटिन शाळेचा प्रमुख होता. जवळच्या ड्युसेल नदीच्या दरीत त्याचा वावर असे. एकोणिसाव्या शतकात ती दरी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथील चुनखडीच्या खाणीत 1856 मध्ये मजुरांना काही अस्थी सापडल्या. योहान कार्ल फुलरोट या शिक्षकाने त्यांचे प्राचीनत्व ओळखले आणि 1864 मध्ये विल्यम किंगने त्या मानवास ‘होमो निअँडरथालेन्सिस’ ही संज्ञा दिली. अशा रीतीने ‘नवा मानव’ हे नाव सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी लुप्त झालेल्या मानवाच्या वाट्यास आले. हा विरोधाभास कोणी योजलेला नव्हता.

1901 च्या जर्मन लेखनसुधारणेनंतर ‘दरी’ या अर्थाच्या शब्दातील अनुच्चारित ‘ह’ वगळण्यात आला. शास्त्रीय संज्ञेत नियमानुसार तो टिकून राहिला. मराठीत रूढ झालेल्या ‘निअँडरथल’मधील ‘थ’ हा त्या जुन्या लेखनाचाच अवशेष होय.